गुरवानं पुजलेला कुकर

माणदेशाच्या कडेला एक गाव होतं. गावात महादेवाचं देऊळ होतं आणि देवळाला एक गुरव होता. त्याचं नाव सटवाजी. माणूस भला. कुणाचं वाईट न करणारा, कुणाला वाकडं न बोलणारा. पण भल्या माणसापायीसुद्धा घरच्यांचा जीव कसा मेटाकुटीला येतो, ते या गोष्टीत आहे.

सटवाजीची बायको वारून चार वर्षं झाली होती. मुलगा रामलिंग ट्रक चालवायचा, आठ-आठ दिवस बाहेर असायचा. घरात सटवाजी आणि सून वेणू अशी दोनच माणसं. वेणूच्या हाताला एक गुण होता. ती कलमं बांधायची. सीताफळाच्या रोपाला चीर द्यायची, त्यात चांगल्या झाडाची काडी बसवायची, वरून पट्टी आवळायची. तिनं बांधलेल्या शंभर कलमांतली नव्वद जगायची. हे शेजारच्या गावच्या बाबर मालकांच्या कानावर गेलं. त्यांची रोपवाटिका मोठी. त्यांनी वेणूला कामावर बोलावलं. सकाळी आठ ते चार. एक महिना बघायचं, जमलं तर कायम.

वेणूला फार बरं वाटलं. आजवर ती गुरवाची सून होती, ट्रकवाल्याची बायको होती. आता बाया तिला ‘कलमवाली वेणू’ म्हणायला लागल्या.

अडचण एकच. सटवाजीचं दुपारचं जेवण. तो एकदाच जेवायचा, देवळातली पूजा उरकून साडेबाराला. सकाळचं गार अन्न त्याला चालायचं नाही, पोटात कळ यायची. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी धुरापुढं बसायला मनाई केली होती, म्हणून चूल बंद. आणि गॅसवर त्याचा भरवसा नव्हता. एकदा कुकर गॅसवर ठेवून तो बेल आणायला गेला आणि तिकडंच गप्पा मारत बसला. डाळीचा कोळसा झाला. धुरानं छताच्या पत्र्याला पडलेला डाग अजून तसाच होता.

म्हणून रामलिंगनं विजेचा कुकर आणला. तांदूळ-पाणी घालायचं, झाकण फिरवून बसवायचं, बटण दाबायचं. शिजलं की आपोआप बंद. देवळात जाताना बटण दाबलं की परत येईस्तोवर भात तयार. वेणूनं तीन दिवस मामंजींना समोर बसवून शिकवलं.

“मामंजी, हे बघा. झाकणाच्या आतनं ही रबराची रिंग हाय. ही रोज काढायची, धुवायची, सुकवून परत बसवायची. हा बारीक खिळा हाय. आत वाफ भरली की हा वर येतो, वाफ गेली की खाली पडतो. खाली पडल्याबिगर झाकणाला हात लावायचा न्हाई. ह्याचं भोक रोज बघायचं, काय अडकलं का. भांडं बाहेर काढलं की खालची तबकडी कोरड्या फडक्यानं पुसायची. आलं ध्यानात?”

“आलं की. एवढं काय त्यात?”

“धुवायचं म्या आल्यावर करू का?”

“नगं. दमून येतीस. माझ्यावर सोड. म्या बघतो.”

‘मी बघतो’ म्हणणारी माणसं जगात पुष्कळ असतात. त्यांना ते म्हणताना खरंच वाटत असतं. दुखणं तेच आहे.

सटवाजीला यंत्राचं मोठं कौतुक वाटलं. इतकं, की त्यानं दुसऱ्या दिवशी कुकरपुढं हात जोडले. तिसऱ्या दिवशी हळदकुंकू वाहिलं. गुरवाचा हात तो, तिथंच कसा थांबेल? मग अक्षता आल्या, झेंडूचं फूल आलं, झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक आलं. कुंकू ठरावं म्हणून बोटाला तेल आलं. जुन्या शालीची झालर शिवून घेतली आणि देव झाकावा तसा तो कुकर झाकला. रोज पूजा केल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असा नेमच केला.

धुणं मात्र झालं नाही. भात खायचा, भांडं विसळायचं, पालथं घालायचं. रिंग? ती त्यानं एकदाही काढली नाही. “कारखान्यातनं जशी बसून आली तशी ऱ्हाऊ द्यावी,” तो शेजारच्या गोदाक्काला म्हणाला. “उगं कुणाचा अवयव काढायचा, परत बसला न्हाई तर?”

गोदाक्का साठीच्या पुढची, जिभेची तिखट. तिनं कुकरभोवती एक चक्कर मारली आणि नाक उडवलं. “ह्याला शिट्टीच न्हाई. शिट्टी न्हाई तर कुकर कसला गं बाई? मुका जावई आणून बसवलाय घरात.”

“गोदाक्का, देव कधी शिट्टी मारतो का?” सटवाजी म्हणाला.

गोदाक्कानं कपाळाला हात लावला आणि आपल्या घरची वाट धरली.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी भाताला आदल्या दिवशीच्या आमटीचा वास आला. बाराव्या दिवशी शिऱ्याला लसणाचा वास आला. लसणाचा शिरा सटवाजीनं गप खाल्ला, पण त्याच्या मनात ती रिंग काही आली नाही. त्याला वाटलं, पूजेत कमी पडलो. त्यानं अक्षता वाढवल्या.

चौदाव्या दिवशी झाकण उघडेना. वाफ केव्हाच निवाली होती, पण खिळा वरच अडकून बसला होता. कुंकू, तेल आणि भाताची पेज यांचा चिकटा त्याच्या कडेनं साचला होता. सटवाजीनं वेणूला फोन लावला.

“पोरी, ह्यो तोंड उघडत न्हाई गं.”

वेणू हातातलं कलम टाकून धावत आली. सहा किलोमीटर. निम्म्या रस्त्यात गाडी मिळाली, निम्मा चालली. तिनं कुकर गार आहे ना, ते बघितलं, वाफेची कळ फिरवली, चमच्याच्या दांड्यानं खिळा हलवला. खिळा खाली पडला, झाकण सुटलं. तिनं कपाळ पुसलं आणि विचारलं, “मामंजी, धुता न्हवं रोज?”

“करतो की सगळं,” सटवाजी म्हणाला. खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. तो पूजेचं बोलत होता.

त्या दिवशी वेणूचा अर्धा खाडा झाला. चार दिवसांनी दुसरा झाला. वाफ कडेनं सुटत राहिली, भात कच्चा राहिला आणि पुन्हा फोन गेला. तिनं आल्या आल्या झाकण हातात घेतलं. रिंगची कड वर आली होती. ती दाबून बसवता बसवता ती म्हणाली, “ही धुतली का कधी? सांगा खरं.”

“उद्यापास्नं,” सटवाजी म्हणाला.

बाबर मालक वाईट माणूस नव्हते. पण कलमाची वेळ चुकली की काडी वाळते, आणि वाळली की गेली. ते म्हणाले, “वेणूबाई, तुमच्यासारखा हात मला गावणार न्हाई. पण अर्ध्यातनं उठून जाणारा हात काय कामाचा? पुन्हा असं झालं तर मी दुसरी बाई बघतो. मग राग धरू नका.”

वेणूनं घरी येऊन हे मामंजींना सांगितलं, एकेक शब्द सांगितला. सटवाजी फार कळवळला. त्यानं मनापासून ठरवलं, आता हयगय करायची नाही. आणि काय केलं? दुसऱ्या दिवशी कुकरपुढं नारळ फोडला. बटणाच्या फळीला लिंबू-मिरच्या बांधल्या. अरे बाबा, एक रिंग काढायची होती! बोट घालून ओढली असती तर निघाली असती. पण माणसाला जे येतं तेच तो जास्त करतो. जे करायला पाहिजे ते तसंच राहतं.

दोन दिवस कसाबसा भात झाला. तिसऱ्या दिवशी कडेनं पुन्हा फुसफुस सुरू झाली. सटवाजी देवळात जायला निघाला होता, तो थांबला. वाफ चालली तर भात कच्चा राहणार. भात कच्चा राहिला तर पोट दुखणार. पोट दुखलं तर वेणूला बोलवावं लागणार. एवढा विचार त्यानं बरोबर केला. मग त्यानं कोपऱ्यातला वरवंटा उचलला आणि झाकणावर ठेवला. वाफ तरीही येत होती, म्हणून वरून शालीची झालर दाबली. तिच्यावर ओलं फडकं टाकलं.

कुकर थोडा वेळ गुरगुरला. मग टूं-टूं ओरडला. फडक्याचं पाणी बटणाच्या फळीपर्यंत गेलं, भिंतीवर चट् असा आवाज झाला आणि घरातली वीज गेली.

गोदाक्का अंगणात धावत आली. दारातूनच ओरडली, “सटवाजी! बाहेर हो आधी! त्याच्या डोक्यावर वरवंटा कुणी ठेवला रं? बॉम्ब करायचाय का घराचा?”

सटवाजी अंगणात आला. त्यानं फोन उचलला. त्याला ठाऊक होतं, हा फोन करायचा नाही. तरी त्यानं तो केला.

वेणू आली. तिनं मेन बटण बंद केलं, कुकरची पिन काढली. पाट घेऊन समोर बसली आणि तो पुरता निवेपर्यंत हात लावला नाही. अर्धा तास दोघं त्या कुकरपुढं बसून होती. मग तिनं वरवंटा उतरवला, शाल काढली, झाकण उघडलं.

आत तांदूळ कच्चा. रिंग काळीपिवळी, आंबूस वास मारणारी, एका बाजूला सुटून लोंबलेली. भांडं बाहेर काढलं तर खालच्या तबकडीवर जळक्या अक्षतांचा आणि कुंकवाचा थर.

“हे काय हाय, मामंजी?”

“पूजा केली पोरी. एक दिस चुकलो न्हाई. देवाशप्पथ.”

“पूजा दिसतीया मला. धुतलं कुणी?”

सटवाजी झाकणावरचं कुंकू बोटानं पुसू लागला.

“तीन दिस शिकवलं हुतं म्या. ‘म्या बघतो’ म्हनला. पोटात भात जावा म्हणून तुमच्या लेकानं आणला हुता हा. देव्हाऱ्यात बसवाय न्हवं.”

“म्हंजी माझी भक्ती खोटी?” सटवाजीचा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा तो सुनेवर चिडला.

वेणू उठली. “भक्ती खरी असंल. पण तिच्यापायी माझं काम चाललंय.” तिनं पिशवीतून कलमाची सुरी काढली, पट्ट्यांची गुंडाळी काढली, दोन्ही फडक्यात बांधून ट्रंकेत टाकली. “उद्या सकाळी आठला गेले तर ठेवतील, एवढं मालक मी निघताना म्हणालेत. ही शेवटची संधी. पण मी गेले आणि दुपारी तुमचा फोन आला तर परत तेच. त्यापेक्षा ऱ्हाते घरी. गॅसवर भात लावते.”

तिनं ट्रंकेचं झाकण लावलं. रडली नाही, भांडली नाही. तांदूळ वेगळा काढला आणि गॅसवर ठेवला. सटवाजीपुढं ताट आलं. भात मऊ होता. दोन घास खाऊन त्यानं ताट सारलं.

दिवस कलायच्या आधीच तो देवळात जाऊन बसला. डोकं तापलेलं. मनात घोळत होतं, मी काय वाईट केलं? वस्तूला मान दिला. मान देणं पाप आहे का?

तेवढ्यात गोदाक्का आली. परडीतून दोन जास्वंदी काढल्या आणि पिंडीवर ठेवून हात जोडले. पिंडीवर सकाळचा बेल वाळून पडला होता, शेवंती काळी पडली होती. गोदाक्कानं त्या शेवंतीवरच ताजी फुलं ठेवली होती.

सटवाजी खेकसला, “गोदाक्का! शिळ्यावर ताजं वाहतात होय? आधी निर्माल्य काढावं, जागा पुसावी, मग फूल ठेवावं. कुजक्यावर फूल ठेवून पूजा होती का?”

“मला काय सांगतोस?” गोदाक्का उलटून म्हणाली. “निर्माल्य काढायचं काम गुरवाचं. म्या फूल आणलं, माझं काम झालं. तुझं तू केलंस का?”

आणि घंटेला हात लावून ती निघून गेली.

सटवाजीनं पिंडीकडं बघितलं. चाळीस वर्षं तो हे काम करत होता. रोज पहाटे पहिलं काम निर्माल्य काढायचं. गावातली माणसं फुलं वाहून जायची. पण देव स्वच्छ राहायचा तो सटवाजीच्या हातांमुळे, लोकांच्या फुलांमुळे नव्हे. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि घरातल्या कुकरपुढं तो गुरव नव्हताच. फूल ठेवून निघून जाणाऱ्यांतला एक होता. काढायचं, पुसायचं, धुवायचं ते त्यानं दुसऱ्यावर सोडलं होतं. दुसरं म्हणजे कोण? सहा किलोमीटर धावत येणारी पोर.

त्यानं पिंडीवरचं निर्माल्य काढलं, पिंडी पुसली आणि गोदाक्काच्या दोन्ही जास्वंदी पुन्हा नीट ठेवल्या. मग घरी गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वेणूला मोरीत पाण्याचा आवाज आला. बघते तर मामंजी पाटावर बसलेले. झाकण मांडीवर. बोट घालून त्यांनी रिंग बाहेर ओढली होती. ती निघाली, काही तुटलं नाही. कोमट पाण्यात ती तीनदा धुतली. खिळा खालून दाबला तेव्हा कडेच्या चिकट्यातून एक तांदळाचा दाणा टपकन पडला. पिवळा. अक्षतेतला. सटवाजीनं तो तळहातावर घेऊन बघितला आणि मोरीत टाकला.

मग त्यानं तांब्या भरला आणि कुकरच्या अंगावर धरला.

“मामंजी, थांबा!” वेणू धावली. “त्याला अभिषेक न्हाई घालायचा! विजेचं हाय ते. आंघोळ आतल्या भांड्याला आन् झाकणाला. ह्याला नुसतं ओलं फडकं, तेबी घट्ट पिळून. मग कोरडं.”

“बरं झालं बाई बोललीस,” सटवाजी म्हणाला आणि फडकं पिळलं. दोनदा पिळलं. तबकडीवरचा जळका थर घासून, पुसून निघाला. वेणूनं रिंग बसवून दाखवली, सगळीकडून दाबून. मग काढली आणि म्हणाली, “आता तुमी.” त्यानं बसवली. एक बाजू राहिली. पुन्हा बसवली. वेणूनं बटणाची फळी कोरडी झाली ना, ते बघितलं आणि मेन बटण लावलं.

“किती वाजलं?” त्यानं विचारलं.

“सव्वासात.”

“मग बसलीस कशाला? ट्रंक उघड. सुरी घे.”

“आन् बिघडलं तर?”

“बिघडलं तर कच्चा खाईन. पोट दुखंल ते माझं दुखंल. तुला फोन करणार न्हाई.” त्यानं खिशातला फोन काढला, गोदाक्काच्या घरी नेऊन दिला आणि परत आला. “गेला फोन. आता तू जा.”

वेणूनं ट्रंकेतून सुरी आणि पट्ट्या काढल्या. मग पळत निघाली. बाबर मालकांनी घड्याळाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि रोपांच्या रांगेकडं बोट केलं. ती खाली बसली आणि सुरी काढली.

दुपारी सटवाजी देवळातून आला. खिळा वर होता. त्यानं हात मागं बांधले आणि वाट बघत बसला. दोनदा उठला, दोनदा बसला. खिळा खाली पडल्यावर झाकण फिरवलं. भात शिजला होता. पाणी जरा जास्त झालं होतं, पेजेसारखा झाला होता. तो जेवला. जेवून झाल्यावर हात धुतला, मग भांडं धुतलं, मग झाकण, मग रिंग.

वेणू संध्याकाळी आली तेव्हा दमली होती, पण चालण्यात जोर होता. तिनं पहिल्या दिवसांत बांधलेल्या कलमांना कोंब आलेले बघून मालकांनी महिना पुरा व्हायच्या आतच कायम केलं होतं. हे सांगायच्या आधी तिची नजर ओट्यावर गेली. भांडं पालथं. झाकण उताणं. खुंटीवर रिंग वाळत घातलेली.

“मामंजी, आज हळदकुंकू न्हाई वाहिलं?”

“आज धुतलं,” सटवाजी म्हणाला. “उद्याबी धुणार. कुंकू दसऱ्याला एकदा लावीन. तेबी बाहेरनं. आन् अक्षता न्हाई.”

वेणू हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

तात्पर्य: ज्या वस्तूवर घर चालतं तिची रोज साफसफाई करणं हाच तिचा मान. ते काम टाळून नुसते हात जोडले, तर आपल्या भक्तीची शिक्षा घरातलं दुसरंच माणूस भोगतं.